कागद घरी, आजी दवाखान्यात

(संस्थेचे गावपातळीवरील आरोग्यसेवक, आशाताई आणि मंडळ्यांतील वडीलजन यांच्या एकदिवसीय मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



मला विषय दिला आहे ‘वृद्धांचे आरोग्य’. विषय मोठा आहे आणि मी डॉक्टर नाही. म्हणून आहार, डोळे, गुडघे या गोष्टी डॉक्टरसाहेबांवर सोडतो. मी त्यातल्या एकाच लहान गोष्टीबद्दल बोलणार आहे. म्हातारे माणूस गावच्या डॉक्टरकडून मोठ्या दवाखान्यात जाते आणि तिथून परत गावी येते, तेव्हा त्याच्याबद्दलची माहिती त्याच्याबरोबर जाते का आणि त्याच्याबरोबर परत येते का? गेली काही वर्षे नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागात फिरताना माझ्या लक्षात आले आहे की माणूस पोहोचतो, पण माहिती वाटेतच राहते.

आधी आपली वाट कशी आहे ते पाहू. सरकारी नियमाप्रमाणे आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ८०,००० लोकसंख्येला एक सामुदायिक आरोग्य केंद्र असावे लागते. आपण त्याला बहुतेक ठिकाणी ग्रामीण रुग्णालय म्हणतो. त्याच्या वर उपजिल्हा रुग्णालय, मग नंदुरबारचे जिल्हा रुग्णालय. कागदावर ही शिडी सरळ आहे. पण आमचा डोकरा या शिडीने चढत नाही. ताप आला की तो आधी बाजाराच्या गावातल्या खाजगी डॉक्टरकडे जातो. त्याआधी भगताकडे गेलेला असतो. गुडघा दुखला की बाजाराच्या दिवशी सुई घेतो. छातीत दुखले की जावई त्याला व्यारा, सोनगड नाहीतर सुरतला नेतो, कारण जावई तिकडे ऊसतोडीला किंवा कामाला असतो. आपले नवापूर असे गाव आहे की त्याच्या रेल्वे स्टेशनचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये आहे. आजारी माणसाला ही हद्द दिसत नाही. पण कागदाला ती नक्की लागते. तिकडून येणारा कागद गुजरातीत आणि इंग्रजीत असतो. इकडचा मराठीत आणि इंग्रजीत. आणि घरातली भाषा मावची, भिली नाहीतर पावरी.

तरुण माणसाचे यात फारसे अडत नाही. त्याला एक आजार असतो, तो पाच दिवसांत बरा होतो. म्हाताऱ्या माणसाला एका वेळी तीन-चार आजार असतात. रक्तदाब, साखर, गुडघे, दमा, मोतीबिंदू. प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा, प्रत्येकाच्या गोळ्या वेगळ्या. ऐकायला कमी येते, कागद वाचता येत नाही, आणि काल डॉक्टरांनी काय सांगितले ते आज आठवत नाही. शिवाय बरोबर जाणारा माणूस दरवेळी बदलतो. पहिल्या वेळी नातू गेला, तो आश्रमशाळेत परत गेला. दुसऱ्या वेळी पुतण्या गेला, त्याला पहिल्या वेळचे माहीत नाही. मुलगा आणि सून दिवाळीनंतर कोयता घेऊन निघून गेलेले. म्हणजे माहिती दोन दवाखान्यांमध्ये तुटते आणि घरातही तुटते.

यातून काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो. नावे आणि गावे सांगत नाही.

एक बाबा. वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाब जुना. श्वास लागला म्हणून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात आठ दिवस राहून आले. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते की किडनी कमजोर झाली आहे, दुखण्यावरच्या गोळ्या आणि इंजेक्शने घेऊ नयेत. तो कागद मुलीने जपून पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या सातबाऱ्याबरोबर ठेवला. तिच्या दृष्टीने तो महत्त्वाचा कागद होता, म्हणूनच तिने तो पेटीत ठेवला. बाबा दर बाजाराला गुडघ्यासाठी सुई घेत राहिले. सुई देणाऱ्या डॉक्टरला किडनीचे काहीच माहीत नव्हते. कोणी सांगितलेच नव्हते आणि बाबांनाही कळलेले नव्हते. दोन महिन्यांत पाय सुजले, लघवी कमी झाली. पुन्हा दवाखाना. पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही. त्या सुईमुळेच ते गेले असे मी म्हणणार नाही, ते ठरवणे माझे काम नव्हे. पण तो कागद पेटीतून निघून बाजारातल्या डॉक्टरच्या टेबलापर्यंत गेला असता, तर ती सुई थांबली असती, एवढे मात्र खात्रीने म्हणतो.

दुसरी एक आजी. साखरेचा आजार. आरोग्य केंद्रातून तिला साखरेची गोळी मिळत होती. पायाच्या जखमेसाठी ती मोठ्या दवाखान्यात भरती झाली, तिथून सुटताना त्यांनीही साखरेची गोळी दिली. गोळी तीच, कंपनी वेगळी, रंग वेगळा, पाकिटावरचे नाव वेगळे. घरच्यांनी दोन्ही सुरू ठेवल्या. दवाखान्याने ‘जुनी बंद करा’ असे सांगितले नाही, कारण जुनी गोळी चालू आहे हे त्यांना माहीत नव्हते. एका पहाटे आजी घामाने भिजली, बडबडू लागली आणि बेशुद्ध पडली. अंगात आले असे समजून लोक भगताला बोलवायला निघाले होते. सुदैवाने आशाताई शेजारच्याच पाड्यावर होती. तिने १०८ ला फोन केला. साखर फार उतरली होती. आजी वाचली, आजही आहे.

या दोन्ही ठिकाणी कोणी वाईट वागले नाही. मोठ्या दवाखान्याने उपचार केले, आरोग्य केंद्राने गोळ्या दिल्या, मुलीने कागद जपला. प्रत्येकाने आपले काम केले. दोन कामांच्या मधली जागा मात्र कोणाचीच नव्हती.

हा प्रश्न फक्त आपल्या डोंगरातला आहे असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली. त्यात तीन गोष्टींवर भर दिला होता: धोक्याची औषधे व परिस्थिती, एका वेळी चालू असलेली अनेक औषधे, आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो ती वेळ. आमच्या आजीला या तिन्ही गोष्टी एकदम लागू होतात. श्रीमंत देशांतही घरचा डॉक्टर आणि रुग्णालय यांच्यात चिठ्ठी वेळेवर पोहोचत नाही, अशी तक्रार असते. आपल्याकडे त्यात भाषा, अंतर आणि स्थलांतर यांची भर पडते, एवढेच.

आता कोणी म्हणेल, आपल्या भागात हे जमणार नाही. मी म्हणतो, आपल्याला हे येते. आपण दोन ठिकाणी हे करूनही दाखवले आहे. गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड पाहा. सिस्टरने उपकेंद्रात वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहिले की तेच कार्ड ग्रामीण रुग्णालयात जाते. रात्री दोन वाजता बाळंतपणाला आलेल्या बाईचे कार्ड पाहून तिथल्या सिस्टरला सगळे कळते. ते कार्ड बाईला अंगणवाडीपासून रुग्णालयापर्यंत सगळे मागतात, म्हणून ती ते विसरत नाही. दुसरे क्षयरोगाचे. २०१२ पासून ‘निक्षय’मध्ये क्षयरुग्णाची नोंद होते. तो कामाला दुसऱ्या जिल्ह्यात गेला तरी त्याचा उपचार तिथे पुढे चालू ठेवता येतो. आईसाठी आणि क्षयरुग्णासाठी जे जमले, ते आजीसाठी का जमू नये? कारण एकच आहे. आजीचा कागद तिला कोणी मागत नाही.

सरकारने काहीच केलेले नाही असेही नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांची तपासणी आणि जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा कक्ष अशी योजना आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते आणि त्यावर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार आहेत. ज्यांनी ते काढले नाही त्यांचे जरूर काढा. पण एक लक्षात ठेवा. ते कार्ड बिल भागवते. आजी कोणती गोळी घेते, ते त्या कार्डावर लिहिलेले नसते.

‘आभा’ क्रमांकाचेही असेच आहे. हा १४ आकडी क्रमांक काढला, दवाखान्यांनी त्यावर नोंदी जोडल्या आणि रुग्णाने संमती दिली, तर एका दवाखान्यातली नोंद दुसऱ्या दवाखान्यात दिसू शकते. ही चांगली सोय आहे. पण त्यासाठी दोन्ही टोकांना नोंद व्हावी लागते, नेटवर्क लागते, मोबाईल लागतो. बाजारातल्या डॉक्टरच्या टेबलावर संगणक नाही. तोरणमाळच्या पलीकडच्या कितीतरी पाड्यांवर फोन लागण्यासाठी टेकडीवर चढावे लागते. मोबाईल असतो तो नातवाजवळ, आणि नातू असतो सुरतेला. म्हणून ‘आभा’ काढू या, पण त्याची वाट पाहत बसू नये. आज हाताशी आहे तो कागद, पेन आणि प्लॅस्टिकची पिशवी.

मी सुचवतो ती गोष्ट अगदी साधी आहे. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची एक पिशवी. तोंड बंद होणारी, पारदर्शक. पावसाची गळती, चुलीचा धूर आणि उंदीर यांपासून कागद वाचला पाहिजे. ती पेटीत ठेवायची नाही. दाराजवळच्या खुंटीला टांगायची, म्हणजे घाईत निघताना दिसेल. त्या पिशवीत दोनच गोष्टी: सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि एक दोनशे पानी वही. जुने कागद वहीच्या मागच्या बाजूला टाचून ठेवायचे.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एवढेच: नाव, अंदाजे वय, कोणते आजार, कोणत्या औषधाची रिअॅक्शन येते, कोणती भाषा समजते, आणि ज्याला फोन करायचा त्याचा नंबर. रिअॅक्शनची ओळ लाल शाईने. एका पाड्यावरच्या सिस्टरने अशाच चार ओळी साध्या कागदावर लिहून एका बाबांबरोबर पाठवल्या होत्या. रुग्णालयात जखमेसाठी पेनिसिलीन द्यायचे ठरत होते. डॉक्टरांनी लाल ओळ वाचली आणि औषध बदलले. चार ओळी लिहायला तिला पाच मिनिटेही लागली नसतील.

भाषेची ओळ का? कारण आजीला मराठी समजत नाही हे तिथल्या डॉक्टरला कळत नाही. ती मान हलवते. तो समजतो की तिला समजले.

पुढची पाने जाण्या-येण्याची. जाताना, म्हणजे गावच्या डॉक्टरांनी किंवा सिस्टरने पुढे पाठवले तर, एवढे लिहून घ्या: काय त्रास, कधीपासून, रक्तदाब आणि साखर किती, इथे काय दिले आणि का पाठवले. भगताची जडीबुटी घेतली असेल तर तेही सांगायला हवे. आपण रागावलो तर लोक ते लपवतात, आणि लपवलेले औषध डॉक्टरला दिसत नाही. म्हणून रागावू नका, विचारा.

येताना पाच प्रश्न विचारायचे. हे तुम्ही पाठ करा आणि बरोबर जाणाऱ्या नातेवाइकाकडूनही पाठ करून घ्या.

१. काय आजार निघाला?
२. कोणती गोळी नवी, कोणती बंद, कोणती कमी-जास्त केली?
३. कोणता रिपोर्ट अजून यायचा आहे, आणि तो कोण आणणार?
४. पुन्हा कधी आणि कुठे दाखवायचे?
५. काय झाले तर वाट न पाहता लगेच यायचे?

तिसरा प्रश्न लोक नेहमी विसरतात. रुग्ण घरी येतो, रिपोर्ट नंतर येतो आणि दवाखान्याच्या टेबलावर पडून राहतो. चौथ्या प्रश्नाचे उत्तर तारखेत मिळाले तर ते आपल्या हिशेबात बदला. ‘१४ तारीख’ म्हणण्यापेक्षा ‘पुढचा सोडून त्याच्या पुढचा बाजार’ हे आजीला कळते. गोळ्यांचेही तसेच. पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि दिवा अशी चित्रे काढा. औषध ओळखताना कंपनीच्या नावावर जाऊ नका, आतल्या औषधाचे नाव वहीत लिहून घ्या. ते तुम्हाला वाचता येत नसेल तर सिस्टरला किंवा औषध दुकानदाराला विचारा. दोन पाकिटांवर तेच नाव दिसले की थांबा आणि फोन करा. गोळी आपणहून बंद करायची नाही. विचारून मगच करायची.

आणि शेवटची पायरी, जी सगळ्यात जास्त सुटते. घरी आल्यावर तीन दिवसांच्या आत ती वही गावच्या डॉक्टरला दाखवायची. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला, आणि बाजारातल्या खाजगी डॉक्टरलासुद्धा. आपण त्यांना ‘सरकारी नाहीत’ म्हणून बाजूला ठेवतो. पण आजीचा खरा घरचा डॉक्टर बहुधा तेच असतात. त्यांना कोणी पत्र पाठवत नाही, म्हणून वहीच त्यांचे पत्र.

कागद मागायला भिऊ नका. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने भरती रुग्णाची कागदपत्रे ३ वर्षे ठेवायची असतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास ७२ तासांत द्यायची असतात. औषधाचे नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, अशी दुरुस्ती २०१६ मध्ये त्यात झाली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्कांच्या सनदेतही आपल्या कागदपत्रांचा हक्क आहे. पण हक्क सांगताना आवाज चढवू नका. त्या वॉर्डातला तरुण डॉक्टर रात्रभर जागा असतो आणि चाळीस कार्डे लिहितो. ‘साहेब, गावच्या सिस्टरला दाखवायचे आहे, जुन्या गोळ्यांचे काय करायचे तेवढे या वहीत लिहून देता का?’ असे विचारले तर बहुतेक जण लिहून देतात. माझा तरी हाच अनुभव आहे.

एक सावधगिरीही सांगतो. ही माहिती आजीची आहे, आपली नाही. तिला विचारूनच लिहायची आणि ज्याला उपचार करायचे आहेत त्यालाच दाखवायची. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर आजाराचे नाव घेऊन विनंती करू नका. ‘आजीसाठी प्रार्थना करा’ एवढे पुरे आहे, देवाला बाकीचे माहीत आहे. आपल्या भागात एकट्या राहणाऱ्या आजारी बाईला डाकीण ठरवायला फार वेळ लागत नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण कायदा येईपर्यंत तिचे घर उठलेले असते. म्हणून वही पिशवीत, आणि आपले तोंड बंद.

मी धर्मशास्त्र शिकलो, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या दयाळू शोमरोनी माणसावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले. त्याने जखमा बांधल्या, जनावरावर बसवले, हे आपण सांगतो. पण तो उतारशाळेत रात्रभर राहिला, दुसऱ्या दिवशी तिथल्या माणसाच्या हाती त्या जखमीला नीट सोपवले, खर्चाची सोय केली आणि परत येणार असल्याचे सांगून गेला. दारात सोडून निघून गेला नाही. आपण १०८ मध्ये बसवतो तेव्हा आपले काम अर्धे झालेले असते. सोपवणे हे दुसरे अर्धे.

आता कामाचे. आज जेवणानंतर प्रत्येकाला दहा वह्या आणि दहा पिशव्या मिळतील. आपापल्या पाड्यावरची दहा म्हातारी माणसे निवडा. ज्यांच्या घरी कोणी नाही, ज्यांची मुले कोयत्यावर गेली आहेत, ज्यांना तीनपेक्षा जास्त गोळ्या आहेत, त्यांना आधी घ्या. पहिले पान त्यांच्याजवळ बसून भरा. घाई करू नका, चहा घ्या, सगळी पाकिटे गोधडीवर ओतून पाहा. मुले निघायच्या आधी त्यांनाही वही दाखवा आणि त्यांचा नंबर लिहून घ्या. इथे बसलेल्या डॉक्टर मंडळींना माझी एकच विनंती आहे: म्हातारे माणूस समोर आले की तपासण्याआधी विचारा, ‘आजी, पिशवी कुठे आहे?’ तुम्ही तीन वेळा मागितलीत की चौथ्या वेळी ती विसरणार नाही.

पुढच्या तिमाही बैठकीला येताना किती वह्या वाटल्या ते मला सांगू नका. किती वह्यांत मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरचे अक्षर आहे आणि त्याच्याखाली गावच्या डॉक्टरचे अक्षर आहे, ते सांगा. मी तेवढेच मोजणार आहे.